आप्पा पडले नाहीत

आमच्या सांगलीच्या हौशी नाटकमंडळीत आप्पा फक्त मरायचे. राजवाड्यात विष पिऊन म्हणा, कोर्टात झटका येऊन म्हणा, लेखकानं एखाद्याला मारलं की ते काम आप्पांचं. मेल्यावर रंगमंचावर निपचित पडून राहण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कला कसली, झोप होती ती! एकदा भर प्रयोगात प्रेत घोरायला लागलं. त्यांच्या नाटकातल्या बायकोनं ते दाबायला असा हंबरडा फोडला, की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पडदा पडल्यावर ती बाई आप्पांवर तुटून पडली. आप्पा डोळे चोळत म्हणाले, "रागावू नगं बाई. दिसभरात पाठ टेकली ती एवढीच."

ते खरंच होतं. दिवसभर हळदीच्या पेठेत पोती शिवायची आणि पिवळ्याधमक हातांनी घरी यायचं. घरात त्यांची बायको, आमच्या काकी. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि निम्मं शरीर लुळं पडलं. त्यांची आंघोळ, वेणी, रात्रीची कूस बदलणं, सगळं आप्पाच करायचे. शेजारच्या हौसाबाई मदतीला तयार होत्या. आप्पा बाहेर गेले की त्या काकींजवळ बसायच्याही. पण अंगाला हात लावायचा नाही, ही काकींची ताकीद. "ह्यांच्याबिगर कुणी उचललेलं मला चालायचं न्हाई." आप्पांनी कधी कुरकुर केली नाही. फार झालं तर म्हणायचे, "दमायला सवड कुठं हाय गड्या? मिळाली की दमीन."

काकींनी नवऱ्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं, धडधाकट होत्या तेव्हासुद्धा नाही. "कपाळाला कुंकू लावून ह्यांचं मढं बघायला जाऊ व्हय? एकदा मेल्यावर उठून दाखवा, मग बघते."

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा आमच्यातल्या विलासला खूळ लागलं. विलास लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाला. स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मढी उठून अंगावर येतात आणि पोलीस त्यांना गोळ्या घालतो, असा एक खेळ आला होता. विलासनं त्यावरून पिक्चर काढायचं ठरवलं. आपल्याच मातीतला, आपल्याच मढ्यांचा. मी इन्स्पेक्टर, हातात टिकल्यांचं पिस्तूल. मढ्यांचा म्होरक्या कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

आम्ही आप्पांना तो खेळ दाखवायला नेलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "मेलेल्यालाबी उठवत्यात?"

"उठवतात की. उठून चालायला लावतात."

"अरारा. हितंबी सुट्टी न्हाई मानसाला." असं म्हणाले खरे, पण लगेच त्यांचे डोळे लकाकले. "म्हंजे मी मरून उठनार? विलास, हे हिला दाखवता ईल?"

"का नाही? घरीच टीव्ही लावू."

शूटिंगला आम्ही दुष्काळी माण तालुक्यातल्या एका माळावर गेलो. विलासची सासुरवाडी तिथली. सासऱ्यांनी गावातले दहाबारा गडी मढी म्हणून दिले. राख फासून ते झकास चालले. जेवायची वेळ झाल्यावर मात्र सगळे अडून बसले. "मढ्याचं सोंग घेतलंय, आंगूळ केल्याबिगर घरात पाय ठेवायचा न्हाई." गावात पाणी टँकरनं यायचं! सासऱ्यांनी कपाळावर हात मारला, मग घरचा हंडा आणला आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून मढी शुद्ध केली.

आप्पांना राख लावावी लागली नाही. चेहऱ्यावर पेठेतली हळद होती, डोळ्यांखाली स्वतःची काळी वर्तुळं होती.

शेवटचा शॉट. म्होरक्या इन्स्पेक्टरवर चालून येतो, इन्स्पेक्टर त्याला गोळी घालतो, तो कोसळतो, पिक्चर संपतो. आप्पा विलासला बाजूला घेऊन म्हणाले, "मला शेवटी पाडू नगंस रं. हिनं उठून दाखवा म्हटलंय. पुन्हा मेलो तर ती बघायची न्हाई."

"आवं आप्पा, मढं जिंकलं तर पिक्चर कसला? खेळात पडतंय ते."

आप्पा आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. कॅमेरा सुरू झाला. पाय ओढत, खांदे पाडून ते माझ्याकडे आले. मी टिकली उडवली. आप्पा चालत राहिले. दुसरी उडवली, तिसरी उडवली. "पडा! आप्पा, पडा की!" विलास ओरडत होता. आप्पा मला ओलांडून, कॅमेऱ्याला ओलांडून, सरळ दहिवडीच्या रस्त्याला लागले. बॅटरी संपेपर्यंत विलासच्या कॅमेऱ्यात त्यांची पाठ होती. तोच आमच्या पिक्चरचा शेवट.

कॅसेट लावायला आम्ही आप्पांच्या घरी गेलो. काकी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. नवऱ्याला मरताना बघून त्यांनी डोळे मिटले, तसे आप्पा घाईघाईनं म्हणाले, "अगं बघ, बघ, आता उठतोय." काकींनी पाहिलं. मढं उठलं. आम्ही टाळ्या पिटल्या. काकी हसल्या नाहीत. शेवटची ती लांबलचक चाल त्या एकटक बघत होत्या. पडदा काळा झाल्यावर त्यांनी विलासला विचारलं, "ह्यांना असं चालायला तू शिकवलंस?"

विलासनं मान हलवली. "न्हाई काकी. ते तसंच चालतात."

"मला ठावंच न्हाई," काकी म्हणाल्या. "मी बघते ते खाटंपासनं चुलीपतुर. चार पावलांत काय कळतंय?" मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "हौसा, अगं हौसा! उद्यापासनं सकाळचं तू येत जा. हात लावलास तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅसेट परत आणायला गेलो, तर दार लोटलेलं आणि आप्पा बाहेर पायरीवर. आत पाण्याचा आवाज, हौसाबाईंची बडबड. आप्पा सारखे अर्धवट उठायचे, पुन्हा बसायचे. "हिला डावीकडनं उचलावं लागतंय. हौसाला सांगाया पायजे."

आतून काकींचा आवाज आला, "सांगितलंय मी तिला. तुमी च्या घ्या."

आप्पांनी शेजारची कपबशी उचलली, घोट घेतला आणि दचकून जीभ बाहेर काढली. डोळ्यांत पाणी आलं होतं. कपातल्या वाफेकडे बघत ते मला म्हणाले, "एवढा गरम असतो व्हय रं च्या?"