दोन अक्षरं

नव्या ऑफिसात आज कोड लिहायला बसले, तर दर ओळीमागे ‘जेके’ अशी दोन इंग्रजी अक्षरं स्क्रीनवर उमटू लागली.

प्रत्येक ओळ लिहून झाली की एस्केप दाबावं लागतं, आणि कोपऱ्यातलं ते बटण गाठताना माझी करंगळी दुखायची. “कशाला हात ताणतेस गं?” म्हणत नवऱ्यानं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर, कोड लिहायच्या एडिटर प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, एक ओळ लिहून दिली. मग ही दोन बटणं दाबली की अक्षरं न उमटता एस्केपचं काम व्हायचं.

गेल्या श्रावणात तो गेला. माझ्या बोटांना हे कुणी कळवलेलंच नाही. ती अजून त्याच्याच भरवशावर आहेत.

ती ओळ मला पाठ आहे, इथेही लिहिता येईल. पण मग ही अक्षरं दिसायची थांबतील. म्हणून दिवसभर ती एकेक करून खोडत राहिले.