अस्वलाच्या आत वसंतकाका होते

मित्रांनो, आज दुपारी परळच्या एका छोट्या सभागृहात जुना, स्वस्तातला भयपट दाखवला. आमंत्रणच होतं, ‘पोट धरून हसायला या.’

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या सुमनकाकींना मीच सोबत नेलं. गिरणी बंद पडल्यावर त्यांचे यजमान, वसंतकाका, अशा सिनेमांत अस्वलाचं सोंग घ्यायचे. पण त्यात उघडेवाघडे नाच असतात म्हणून काकींना त्यांनी कधी थेटरात नेलं नाही. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पडद्यावर अस्वल आलं. त्याच्या पाठीवर पोशाखाची चेन स्पष्ट दिसत होती. सगळा हॉल खदखदून हसला.

“हेच आमचे,” काकी म्हणाल्या. “चालण्यावरून कळलं.”

मी संतापून उठलो. हसणाऱ्यांना चार शब्द सुनावणारच होतो, तर काकींनी हात धरून खाली बसवलं.

“हसू दे रे त्यांना. भर मे महिन्यात ते केसाळ सोंग घालून ह्यांच्या अंगभर पुरळ यायचं. मी खोबरेल लावायचे, आणि हे विचारायचे, ‘लोक घाबरतील ना गं?’”

सिनेमा संपला तरी काकी उठेनात.

“सुरुवातीची नावं परत दाखवतील का रे? भराभर गेली. ह्यांचं वाचायचं राहिलं.”

मी ती नीट वाचली होती. काकांचं नाव त्यात नव्हतंच.

कामगारांच्या हक्कांवर मी तासन् तास बोलतो. तुम्ही सांगा, काकींना काय उत्तर द्यायचं?