खोपीतल्या मासेमाराची बारा वाक्यं

कायसा शाळेच्या प्रकल्पासाठी बनवत असलेल्या गेममध्ये गोठलेल्या तळ्यावर एक पत्र्याची खोपी होती. दार उघडलं की आतला म्हातारा मासेमार खेकसायचा, "दार लाव गं बये, ऊब चाललीय सगळी!" हा आवाज तिच्या वडिलांचा, डेलचा. खरा नट मिळेपर्यंतचं कच्चं काम म्हणून तिने त्याच्याकडून बारा वाक्यं बोलून घेतली होती. एकेक वाक्य दहादा बोलायला लावल्यावर तो वैतागला होता, "अगं, याच्यापेक्षा मासा लवकर गळाला लागतो!" तेही तिने ठेवून दिलं होतं.

जानेवारीत दारापुढचा बर्फ उपसताना डेल फावड्यावरच कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. कॅनडातल्या थंडर बेमधल्या त्या घरात त्याचा आवाज उरला तो एवढाच. फोनवरचे निरोप तर कायसाची आई लॉर्ना नेहमी ऐकून लगेच पुसून टाकायची.

त्यानंतर गेम पुढे सरकेना. कायसा लॅपटॉप उघडायची, तळं ओलांडून खोपीपर्यंत जायची, दार उघडायची, बंद करायची. शाळेत दर आठवड्याला प्रगती लिहून द्यावी लागे. तीन आठवडे तिने एकच ओळ दिली: खोपीवर काम चालू आहे. जेवण अर्धं टाकायची.

"संपव एकदाचं ते," लॉर्ना म्हणायची. "बारावीचे मार्क आहेत त्यात."

"तू एकदा तरी ऐकलंस?"

"मला नाही ऐकवत, कायसा. नंतर ऐकेन."

गुरुवारी लॉर्ना कामावरून येताना गुलाबी आयसिंगचे दोन पर्शियन बन घेऊन आली. कायसा स्वयंपाकघरात, अंगातला कोटही न काढता बसली होती.

"मॉम, डॅड गेला."

लॉर्नाच्या हातून पिशवी टेबलावर पडली. "असं काय बोलतेस?"

"सरांनी सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत कच्च्या फायली काढून टाका. सगळ्या कच्च्या फायलींची नावं 'टेम्प'ने, म्हणजे तात्पुरतं, अशी सुरू होतात. टेम्पने सुरू होणारं सगळं उडव, असं लॅपटॉपला लिहून दिलं मी. एका सेकंदात झालं. नाव मीच दिलं होतं. टेम्प-डॅड."

"लॅपटॉपमधल्या कचऱ्याच्या डब्यात बघ ना. किंवा दुसरीकडे कुठे ठेवलं असशील."

"असं उडवलेलं डब्यात जात नाही. आणि दुसरीकडची प्रत याच्याशी जोडलेली होती. तिथूनही गेलं. दुपारपासून तेच बघतेय."

लॉर्ना शेजारी बसली. "शेजारच्या आर्वोकाकांना विचारू? त्यांचा आवाज जरा..."

"नको."

कायसाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. लॉर्नाने पहिल्यांदाच तळं ओलांडलं, चुकतमाकत, दोनदा बर्फाच्या ढिगात अडकून. खोपीचं दार उघडलं. म्हाताऱ्याचे ओठ हलू लागले. ते डेलच्या बोलण्याबरहुकूम बसवलेले होते, 'बये'वर जरा जास्त उघडणारे. खाली अक्षरं उमटली. आवाज काहीच नाही.

"इथे हसायचा तो," कायसा म्हणाली. "अक्षरांत नाही आलं ते."

मग तिने प्रगतीचं पान उघडून लिहिलं: कच्च्या फायली, शून्य. उरलेलं काम, काही नाही.

पिशवी आणताना लॉर्नाने मागचं दार नीट ओढलं नव्हतं. फटीतून गार वारा येत होता, टेबलावरचा बनचा कागद फडफडत होता.

"मॉम, दार," कायसा म्हणाली.

"हो," लॉर्ना म्हणाली. पण दोघीही उठल्या नाहीत.