तण पिवळं पडलं म्हणून

बाबांच्या जठरात एक दुर्मीळ जातीची गाठ निघाली, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी रोज जेवणासोबत घ्यायची एक गोळी लिहून दिली. ही गोळी नेमकी गाठीच्याच पेशींना धरते, असं त्यांनी मला समजावलं. मी वाशीमच्या शाळेत विज्ञान शिकवते. रिठदला घरी येऊन बाबांना ते सगळं फळ्यासमोर उभी असल्यासारखं सांगायला लागले. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

"म्हंजे सोयाबीनातलं तणनाशक. पीक तसंच राह्यते अन् तण मरते. एवढ्यासाठी इतकी बोलून राह्यली काय वं?"

मला रागच आला. माझ्यापेक्षा सोपं सांगितलं होतं त्यांनी.

गोळीनं त्यांचे डोळे सुजायचे. पारावर कुणी विचारलं की बाबा ऐटीत सांगायचे, "फवारणी चालू हाये." पुढच्या तपासणीत गाठ बरीच आक्रसलेली दिसली. आम्ही पेढे वाटले.

दिवाळीला गेले, तर बाबांचा चेहरा एकदम तजेलदार! सूज कुठच्या कुठे पळालेली. मी खूश होऊन चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"बाबा, गोळी घेता ना?"

"बंद केली. तण पिवळं पडलं, मंग दुसरी फवारणी कायले? पिकालेच भोवते."

मी भयंकर घाबरले होते, आणि घाबरले की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. डॉक्टरांना फोन लावला. थांबवली तर गाठ पुन्हा वाढेल, आजच सुरू करा, असं त्यांनी बाबांना दटावलं. बाबा मख्ख. डॉक्टरनं कधी सोयाबीन पेरलं काय, एवढंच त्यांचं म्हणणं.

आई भाकर थापत होती. तिनं मान वळवलीसुद्धा नाही.

"बांधावरचा कुंदा दरसाली वरून सुकते. मुळी मरते काय त्याची? सांगा ना पोरीले."

त्या कुंद्याच्या तणापुढे बाबांनी जन्मभर हात टेकले होते. मग ताट पुढं ओढलं, जेवले आणि गोळी मागितली.

आता डोळे पुन्हा सुजलेत. आरशात पाहिलं की ते माझ्या नावानं खडे फोडतात. मी रविवारी घरी गेले की दारातूनच त्यांच्याकडे बघते, आणि सूज दिसली की मगच चप्पल काढते.