काचेवरची चिकटपट्टी

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. टाळली म्हणणंही पुरतं खरं नाही. मी ती एकदा सांगितली, पण खोटी सांगितली. सिंगापूरमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात म्युनिक ते व्हेनिस मोटारप्रवासावरचा माझा लेख तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. जावयाच्या धांदरटपणामुळे आम्हाला टोलचा दंड कसा बसला, यावर त्यात एक विनोदी परिच्छेद होता. तो लोकांना फार आवडला. आज तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे. माझ्या मुलीला, केतकीला, हे आधी दाखवायचं धैर्य मला झालं नाही. तीही तुमच्याबरोबरच वाचेल.

जून महिन्यात आम्ही सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून निघालो. केतकी, तिचा नवरा निखिल, सहा वर्षांची नात इरा आणि मी. माझी पत्नी जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून मला बरोबर न्यायचं निखिलनेच ठरवलं होतं. त्या दोघांचं तेव्हा बरं चाललं नव्हतं. इराच्या पहिलीच्या प्रवेशासाठी अर्ज करायची तारीख निखिलच्या हातून चुकली होती आणि केतकीने ते मनाला लावून घेतलं होतं. “या ट्रिपचं सगळं मी बघतो, तू फक्त गाडीत बस,” असं तो तिला म्हणाला होता. “बघू,” असं ती म्हणाली होती.

म्युनिकच्या विमानतळावर भाड्याची गाडी घेतली. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडून. पहिल्या चौकात मी डोळे मिटून घेतले. निखिल मात्र हायवेवर शांतपणे गाडी चालवत होता आणि मी त्याच्या शेजारी नकाशा घेऊन बसलो होतो. शेजारून गाड्या इतक्या वेगाने जात की आमची गाडी हलायची. त्याहून मोठा धक्का म्हणजे रस्त्याला टोलच नव्हता. सिंगापुरात गँट्रीखालून (रस्त्यावरच्या कमानीखालून) गेलं की गाडीतलं यंत्र टिंग करतं आणि कार्डातून पैसे जातात. तेच कार्ड काढून दुसऱ्या गाडीत घातलं तरी चालतं. इथे शंभर किलोमीटर गेलो तरी कुठे टिंग नाही.

“बाबा, ऑस्ट्रियात शिरताना मात्र व्हिनियेट (टोलचं स्टिकर) लागतं,” निखिल म्हणाला.

“मग घ्या की, निखिलराव. तुम्ही या ट्रिपचे मालक.”

सीमेच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो. केतकी इराला घेऊन स्वच्छतागृहाकडे गेली. निखिलने स्टिकर आणून माझ्या हातात दिलं. “बाबा, हे काचेला लावता? मागचा कागद काढून सबंध चिकटवा, असं दुकानातली बाई म्हणाली. मी तेवढ्यात कॉफी आणतो.”

स्टिकर दहा दिवसांचं होतं आणि आम्ही दुसऱ्या दिवशी इटलीत शिरणार होतो. आठ दिवस वाया. आमच्या मंडळातले साठे व्हेनिसला भेटणार होते, तिथून ते मोटारीने उलट ऑस्ट्रियातच जाणार होते. माझ्या पिशवीत चिकटपट्टी कायम असते. मी मागचा कागद काढलाच नाही. चारी कडांना चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून स्टिकर काचेवर बसवलं. मनात म्हटलं, व्हेनिसला हे अलगद काढून देईन, साठे खूश होतील. निखिल कॉफी घेऊन आला, काचेकडे बघून म्हणाला, “झकास. थँक यू, बाबा.”

साल्झबुर्ग मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना डोंगर उभे राहिले. जूनमध्येही माथ्यावर बर्फ होतं. आम्ही एका विश्रांतीच्या जागी थांबून दशम्या आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. केतकी निखिलच्या खांद्याला टेकून फोटो काढत होती. कित्येक महिन्यांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

आम्ही निघणार तेवढ्यात टोलच्या तपासणीचे दोन अधिकारी गाड्यांच्या काचा बघत आले. एकाने आमच्या काचेजवळ वाकून पाहिलं आणि दार उघडायला सांगितलं. आत हात घालून त्याने नखाने एक कड उचलली. सगळं स्टिकर कागदासकट त्याच्या हातात आलं.

“हे चिकटवलेलं नाही,” तो इंग्रजीत म्हणाला. “हे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत लावण्यासाठी ठेवलं आहे. ही फसवणूक आहे.”

फसवणूक. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माझ्या कानांनी तो शब्द पहिल्यांदाच स्वतःबद्दल ऐकला.

“हे कोणी लावलं?” त्याने विचारलं.

निखिलने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागलो.

“मीच,” निखिल म्हणाला. “सॉरी. मला नियम माहीत नव्हता.”

मागून केतकी म्हणाली, “निखिल, एक स्टिकर. एक स्टिकर धड लावता येत नाही तुला? पाठीवर लिहिलेलं असतं ना सगळं.”

“हो गं. चुकलं.”

“आणि चिकटपट्टी लावून? काय डोकं लावलंस तू?”

इराने आईकडे, मग अधिकाऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, “डॅडी चीट आ?” म्हणजे डॅडीने फसवलं का?

निखिलने दंड भरला, नवं स्टिकर घेतलं आणि स्वतःच्या अंगठ्याने दाबून दाबून चिकटवलं. मी तेव्हाही बोललो असतो तर चाललं असतं. मी चष्मा घातला आणि नकाशा उघडला.

पुढे बोगद्याचा टोल वेगळा होता. स्टिकर असूनही पुन्हा पैसे, याचं एरवी मी मोठं नवल केलं असतं. खिडकीतल्या बाईने हात पुढे केला तेव्हा केतकीने मागच्या सीटवरून निखिलच्या खिशातलं पाकीट मागून घेतलं आणि ते स्वतःकडेच ठेवलं. इटलीत टोलनाक्यावर यंत्रातून तिकीट घ्यायचं आणि रस्ता सोडताना दाखवायचं अशी पद्धत. निखिलने तिकीट घेतलं, तसा तिने हात पुढे केला. त्याने ते तिच्या हातावर ठेवलं. व्हेनिसमध्ये भात आणि मासे खाल्ले, होडीतून फिरलो, साठ्यांना भेटलो. त्यांना मी स्टिकरचं काही बोललो नाही.

परत आल्यावर संपादकांनी लेख मागितला. लिहिताना वाटलं, हसण्यावारी नेलं की विषय संपेल. दिवाळीच्या कार्यक्रमात लोक निखिलला म्हणाले, “काय राव, आज गाडीला चिकटपट्टी लावून आलात का?” तो हसला. केतकी हसली नाही. माझ्या ताटातला चिरोटा तसाच राहिला, कारण हे मीच छापून आणलं होतं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

तीन वर्षांनी ते वेगळे झाले. ते एका स्टिकरमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण निखिलवर विसंबता येत नाही, हे सांगताना केतकी दर वेळी आधी इराच्या शाळेचं उदाहरण द्यायची आणि मग ऑस्ट्रियाचं. आणि प्रत्येक वेळी मी त्याच खोलीत असायचो. निखिलने तिला खरं कधीच सांगितलं नाही. का नाही, याने आजही मी चक्रावतो.

तो सिंगापुरातच पुंगोलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. शनिवारी इराला मी तिकडे पोचवायचो. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली, सिंगापुरात राहायचा पास संपत आला आणि त्याने पुण्याला परत जायचं ठरवलं. शेवटच्या शनिवारी इरा आधीच त्याच्याकडे होती, म्हणून मी एकटाच गेलो. एलआरटीत (वस्तीतल्या छोट्या गाडीत) वाक्य पाठ करत बसलो आणि त्याचं स्टेशन आलं तेव्हा उतरलो नाही. ती गाडी गोल फिरते. पूर्ण फेरी मारून तेच स्टेशन पुन्हा आलं तेव्हा उतरलो.

घरभर खोकी होती. निखिलने कागदी कपात चहा दिला. इरा आत तिची पुस्तकं भरत होती.

“बाबा, तब्येत सांभाळा,” तो म्हणाला. “आणि इराकडे लक्ष असू द्या. तिला वाटायला नको की मी तिला फसवून गेलो.”

“नाही वाटणार,” मी म्हणालो.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. निखिलराव, ते मी लावलं होतं आणि तुमच्या बायकोसमोर, मुलीसमोर मी गप्प बसलो, मला क्षमा करा. तो थांबला, मी काहीतरी बोलणार आहे असं त्यालाही वाटलं असावं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “साखर बेताची घातलीत, बरं केलंत.”