फॉर्म हातात धरून बसायचं काम

हे सुरू झालं सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. तेव्हापासून रोज एक तरी किस्सा होतोच. घरी ऐकायला कोणी नाही. नवरा ट्रकवर बाहेरगावी, मुलगी परी तीन वर्षांची. म्हणून तुम्हाला सांगते.

मी गोवंडीच्या एका कॉलेजात पाणी द्यायला, टेबलं पुसायला आहे. त्या दिवशी अ‍ॅडमिशनचे शिंदे सर म्हणाले, "रूपाली, बाहेर खुर्चीवर बस, हातात फॉर्म धर. पालक आले की कॉलेज भरलेलं दिसलं पाहिजे." जागा भरल्या नाहीत तर बीकॉमचा वर्ग बंद, आणि माझं कामही. मी सातवी शिकलेली, बसले बीकॉमचा फॉर्म धरून.

*

पहिल्याच काकांनी विचारलं, "तुलापण कमी पडले का गं?"

मी म्हटलं, हो. खोटं कुठे होतं?

*

मग फोन करायचं कामही माझ्याकडे आलं. बारावीच्या मुलांची यादी, एकेकाला तीनदा फोन. एकाला चुकून चौथ्यांदा लावला. मी सॉरी म्हटलं.

तो म्हणाला, "करा ना ताई. निकालानंतर दुसऱ्या कुणाचा फोनच येत नाही."

 मला फोन ठेववेना.

*

बुधवारी परीला ताप होता, शेजारच्या वहिनींकडे ठेवून आलेले. जीव सगळा तिकडे. खुर्चीतच फोन वाजला, घाईत स्पीकर लागला. "मम्मी, तू कधी येणार?"

समोरचे पालक सरांना म्हणाले, "लग्न झालेल्यांनाही घेता?"

"आम्ही सगळ्यांनाच घेतो!"

ते मुलाला घेऊन निघूनच गेले. सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

शुक्रवारी मानखुर्दहून एक बाई आली. मुलगी आत सरांकडे, बाई माझ्या शेजारी. जरा वेळानं हळूच म्हणाली, "तू शिकलेली दिसतेस म्हणून विचारते. सातवीवरून दहावीला बसता येतं का गं?"

"कोणाला?"

"मलाच. तुझं किती झालं?"

सर काचेतून बघत होते. मी म्हटलं, "बारावी."

ती ओशाळून हसली. जाऊ दे म्हणाली, पिशवी आवरली. मुलगी बाहेर आली तशा दोघी गेल्या.

संध्याकाळी सरांना विचारलं. येतं म्हणाले, सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून.

तिचं नाव विचारायचं राहिलं. मानखुर्दची आहे, उजव्या हाताला भाजल्याचा डाग. कुणाला भेटली तर सांगा, बसता येतं. आणि सांगा, ती खुर्चीतली मुलगीपण सातवीच आहे. तिलाही दहावीचा फॉर्म भरायला एकटीला जायची भीती वाटते.