बंद शेडमध्ये चाललं कोण?

मंडळी, आजचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहूनच टाकते.

मी वायरलेसवर पीएचडी करते. भिंतींवर, यंत्रांवर आदळून सिग्नल कसा कमीजास्त होतो, त्याचं खऱ्याशी जुळणारं मॉडेल बनवायचंय. म्हणून आज दुपारी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या टॉवेल कारखान्यात चार अँटेना ओळीने लावले आणि बाहेर लॅपटॉप घेऊन बसले.

आत काही हलत नसेल तर आलेख स्थिर राहतो. पण पहिल्या अँटेनाचा सिग्नल खाली आला आणि सावरला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. समोरून माणूस चालत गेला की अगदी असंच होतं.

"चाचा, आत कोण आहे?"

"कोन न्हाय मॅडम. कुलूप मीच लावलंय की," वॉचमन रशीदचाचा म्हणाले.

शेवटच्या अँटेनाचा सिग्नल खाली आला, तो तसाच राहिला. म्हणजे कुणीतरी तिथेच थांबलं होतं. आम्ही कुलूप काढून आत धावलो.

तिथे मोडक्या मागाच्या आड नरसय्यामामा पडले होते, इथले जुने विणकर. अँटेना लावताना ते मला दिसलेच नव्हते. फुटक्या पत्र्यातून आत शिरून आपला माग बघायला आले होते म्हणे. श्वास चालू होता. आता दवाखान्यात शुद्धीवर आहेत.

"मामा, तुम्ही आत फिरत होतात ना?" मी विचारलं.

"न्हाय की. सकाळीच पडलो. पाय हलतच नव्हता."

माझे गाइड म्हणतात, तेवढा डेटा बिघाड समजून काढून टाक. तुम्ही काढला असता?